गाडी टायर का खाते? असमान झीज आणि सस्पेन्शनचा आवाज

दहा-बारा वर्षे वापरलेल्या गाडीच्या मालकाला दोन तक्रारी हमखास सतावतात. पुढचे टायर एका कडेने भराभर झिजतात, म्हणजे गॅरेजच्या भाषेत गाडी टायर खाऊ लागते, आणि चाक खड्ड्यात गेले की खालून ‘कट्’ किंवा ‘धप्’ असा आवाज येतो. टायरची तक्रार टायरच्या दुकानात नेली जाते, आवाजाची गॅरेजमध्ये. दुकानदार अलाइनमेंट करून, म्हणजे चाकांचे कोन जुळवून देतो, मेकॅनिक एखादा सुटा भाग बदलतो आणि काही महिन्यांत दोन्ही तक्रारी पुन्हा उभ्या राहतात. माझे म्हणणे असे की, या दोन तक्रारी पुष्कळदा एकाच बिघाडाच्या खुणा असतात आणि त्या एकत्र वाचल्या तरच नेमका दोष हाती लागतो. चांगले चालू शकणारे टायर केवळ निदान न झाल्यामुळे फेकले जातात, हे मला फार खटकते.

टायर झिजतो तो मुख्यतः रबर रस्त्यावर घसरल्यामुळे. सरळ रेषेत नुसते गडगडत जाणारे चाक फारसे रबर गमावत नाही; पण चाकाचे तोंड एका दिशेला आणि गाडीची वाट दुसऱ्या दिशेला, असा थोडासा जरी कोन पडला तरी टायर पुढे गडगडताना आडवाही ओढला जातो. वरून पाहिले असता पुढची चाके किंचित आत किंवा बाहेर वळलेली असतात, त्या मापाला टो म्हणतात. अनेक जुन्या हॅचबॅक गाड्यांना असलेला १६५/८० आर १४ हा टायर उदाहरणादाखल घेऊ. त्याच्या रिमचा व्यास १४ इंच, म्हणजे सुमारे ३५६ मिलिमीटर असतो. एका चाकाच्या रिमच्या पुढच्या आणि मागच्या कडेत मिळून फक्त १ मिलिमीटरची चूक असली, तरी दर किलोमीटरमागे त्या चाकाला सुमारे २.८ मीटर आडवे सरकावे लागते. १०,००० किलोमीटरच्या प्रवासात हे अंतर २८ किलोमीटर होते. रबर लवचीक असल्याने यातला काही भाग ते वाकून सहन करते आणि खरी घसरण रस्त्याला टेकलेल्या भागाच्या मागच्या कडेला होते. तरीही नखाच्या जाडीएवढी चूक टायर का संपवते, हे या हिशेबातून स्पष्ट व्हावे.

टो चुकल्याची खूण डोळ्यांपेक्षा तळहाताला लवकर कळते. गाडी उभी करून टायरच्या नक्षीवरून हात आडवा, म्हणजे बाहेरून आत आणि मग आतून बाहेर, फिरवावा. एका दिशेने हात गुळगुळीत सरकला आणि उलट दिशेने प्रत्येक पट्ट्याची धार बोटांना लागली, तर ती टोची झीज समजावी. बाहेरून आत जाताना गुळगुळीत आणि आतून बाहेर येताना धारदार लागले, तर चाके गरजेपेक्षा जास्त आत वळलेली असतात. याच्या उलट लागले तर ती बाहेर वळलेली असतात. ही धार कडेची झीज नजरेत भरण्याच्या कितीतरी आधी तयार होते, म्हणून टायरमध्ये हवा भरताना एकदा हात फिरवून पाहण्याची सवय लावून घ्यावी.

कॅम्बरची झीज वेगळी असते. चाक समोरून पाहताना वरच्या बाजूला आत किंवा बाहेर कलले असेल, तर त्या कलाला कॅम्बर म्हणतात. अशा वेळी टायरची एकच कड झिजते, पण ती गुळगुळीत झिजते आणि हाताला धार लागत नाही. आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांत पुढे मॅकफर्सन स्ट्रट असतो. अर्ल मॅकफर्सन या अभियंत्याची ही रचना १९५०च्या फोर्ड कॉन्सलमध्ये आली आणि कमी जागेत, कमी भागांत बसत असल्याने पुढे जगभर पसरली. तिच्यात स्प्रिंग आणि तिची उसळी दाबणारा शॉकअप यांचा तोच खांब चाकाला उभे धरतो, त्यामुळे खांब वाकला, स्प्रिंग बसली किंवा चाकाला सांगाड्याशी जोडणाऱ्या खालच्या आर्मचा (लोअर आर्मचा) सांधा सैल झाला की कॅम्बर बिघडतो. अशा अनेक गाड्यांत कॅम्बर जुळवण्याची सोयच नसते. अलाइनमेंटमध्ये फक्त टो बदलता येतो. तेव्हा मशीनच्या कागदावर कॅम्बरचा आकडा लाल दिसत असेल, तर ‘तो ॲडजस्ट होत नाही’ हे उत्तर ऐकून परत न येता काय वाकले किंवा काय झिजले आहे, याचा शोध घ्यायला हवा.

दोन्ही कडा झिजून मध्य शाबूत राहिला तर हवा कमी आणि मध्य झिजला तर हवा जास्त, हा नियम सर्वांना ठाऊक असतो. मात्र घाटात रोज जा-ये करणाऱ्या गाडीत वळणांच्या ताणाने पुढच्या टायरच्या बाहेरच्या कडा अधिक झिजतात आणि तेथे दोष चाकांच्या कोनाचा नसून रस्त्याचा असतो. महाबळेश्वर किंवा आंबोलीच्या वाटेवरची गाडी आणि नागपूरच्या सरळ रस्त्यांवरची गाडी यांच्या टायरांना एकच माप लावता येत नाही. हवा टायर थंड असतानाच तपासावी, कारण ३० पीएसआय भरलेल्या टायरमधील हवेचे तापमान १० अंश सेल्सिअसने वाढले की दाब साधारण दीड पीएसआयने वाढतो.

आणखी एक झीज अशी की, जिच्यात टायरच्या परिघावर थोड्या थोड्या अंतराने उथळ खळगे पडतात. असा टायर वेगात घरघर करतो. येथे चाक रस्त्यावर टेकून राहण्याऐवजी उसळत चाललेले असते. गाडीचा सांगाडा स्प्रिंगांवर सेकंदाला साधारण एक ते दीड वेळा झुलतो, तर चाक आणि त्याच्यासोबत हलणारे भाग टायरच्या लवचिकतेवर सेकंदाला दहा ते पंधरा वेळा उसळू शकतात. शॉकअपचे काम ही दोन्ही आंदोलने मारणे हे आहे. वर सांगितलेल्या आकाराचे चाक ताशी ८० किलोमीटरला सेकंदाला अकरा-साडेअकरा फेरे घेते, म्हणजे त्याच्या उसळण्याच्या स्वाभाविक गतीशी ते जुळते. बॅलन्सिंग, म्हणजे चाकाभोवतीच्या वजनाचा समतोल, बिघडलेल्या गाडीचे स्टीअरिंग नेमके याच वेगाच्या आसपास का थरथरते, त्याचे एक मोठे कारण हे आहे. रिमवरून समतोलासाठी लावलेले २० ग्रॅमचे शिसे गळून पडले असेल, तर ताशी १०० किलोमीटरला ते चाक प्रत्येक फेऱ्यात जवळजवळ ३ किलो वजनाच्या जोराने ओढले जाते, आणि तेही सेकंदाला चौदा वेळा. शॉकअप ठणठणीत असेल तर तो ही उसळी दाबून टाकतो. थकलेला असेल तर तिचा ठसा टायरवर उमटतो.

आता मुख्य मुद्दा. अलाइनमेंटचे मशीन गाडी उभी असताना मोजते, टायर मात्र गाडी चालताना झिजतो. या दोन अवस्थांच्या मध्ये रबराचे बुश, म्हणजे जोडांच्या जागी बसवलेली रबरी नळकांडी असतात. लोअर आर्म सांगाड्याला ज्या दोन बुशांनी जोडलेला असतो, त्यांपैकी मागचा बुश चाकाला पुढे-मागे सरकण्यापासून रोखतो. तो फाटला असेल तर ब्रेक दाबताच चाक मागे ओढले जाते, पण टाय रॉड, म्हणजे स्टीअरिंगकडून चाक वळवणारा दांडा, आपल्या जागी राहतो, आणि त्या क्षणी टो बदलतो. ब्रेक सोडला की चाक पुन्हा जागेवर येते. मशीनवर अशा गाडीचे आकडे हिरवे दिसतील आणि रस्त्यावर ती टायर खातच राहील. त्याच बुशचा आवाज म्हणजे ब्रेक दाबताना किंवा गाडी झटक्याने पुढे काढताना येणारा एकच जड ‘धप्’. कडेची झीज आणि हा ‘धप्’ एकत्र आढळले, तर सुटे भाग तपासण्याआधी अलाइनमेंटवर पैसे घालवू नयेत.

रबर किलोमीटर मोजत नाही, त्याला वर्षे आणि उष्णता कळते. नैसर्गिक रबराच्या साखळ्यांतील दुहेरी बंधांवर हवेतील ओझोन हल्ला करतो आणि ताणाखाली असलेल्या जागी, ताणाला काटकोनात, बारीक भेगा पडतात. ऑक्सिजन आणि उष्णता त्याला कडक करत नेतात. म्हणून बारा वर्षांत केवळ ४०,००० किलोमीटर चाललेल्या, आवारात उन्हात उभ्या राहणाऱ्या गाडीचे बुशही फाटलेले निघू शकतात. कोकणपट्टीत आणि गोव्यात खाऱ्या दमट हवेची भर पडते: स्प्रिंगचा खालचा वेढा ज्या वाटीत बसतो तेथे चिखल साचतो, गंज धरतो आणि स्प्रिंगचे शेवटचे टोक तुटते. तुटलेला तुकडा वाटीतच अडकून राहिला तर वरून काही दिसत नाही. गाडी त्या कोपऱ्यात किंचित खाली बसते आणि वळताना ‘टण्’ असा आवाज येतो.

आवाज कोणत्या प्रसंगी येतो, याची नोंद तो कोठून येतो यापेक्षा जास्त उपयोगी पडते, कारण पत्र्याच्या सांगाड्यातून आवाज पसरतो आणि कान फसतो. स्टॅबिलायझर बारला चाकाकडच्या भागाशी जोडणाऱ्या छोट्या दांड्याचा, म्हणजे लिंक रॉडचा दोष ओळखण्याची रीत मला फार आवडते. स्टॅबिलायझर बार दोन चाकांमधील उंचीच्या फरकाला विरोध करतो. दोन्ही चाके एकदम वर गेली तर बार नुसता फिरतो, त्याला पीळ बसत नाही आणि लिंकवर ताणही येत नाही. म्हणून सरळ स्पीडब्रेकरवरून दोन्ही चाके एकदम नेली असता शांत राहणारी गाडी, एकच चाक खड्ड्यात जाताच कमी वेगाला ‘कटकट’ करू लागली, तर पहिला संशय लिंक रॉडवर घ्यावा. हा भाग स्वस्त असतो आणि त्याचा टायरच्या झिजेशी फारसा संबंध नसतो. मात्र त्याचा आवाज बॉल जॉइंटच्या, म्हणजे लोअर आर्म आणि चाक यांच्यातल्या गोळीच्या सांध्याच्या आवाजासारखा असल्याने तपासणी झाल्याशिवाय निश्चिंत होऊ नये. बॉल जॉइंट सुटला तर चाक कोलमडते, आणि त्यात प्ले (ढिलेपणा) आढळल्यास गाडी चालवू नये.

उभ्या गाडीचे स्टीअरिंग फिरवताना ‘कट्’ होऊन स्प्रिंग उडाल्यासारखी वाटली, तर स्ट्रटच्या माथ्यावरचे बेअरिंग अडकत आहे. पूर्ण वळवून गाडी हळू पुढे घेतली असता लयीत ‘कट-कट-कट’ येत असेल, तर इंजिनची ताकद चाकापर्यंत नेणाऱ्या ड्राइव्ह शाफ्टचा बाहेरचा जॉइंट गेलेला आहे. वेगाबरोबर वाढणारी घरघर मात्र बेअरिंगची असते किंवा खळगे पडलेल्या टायरची. मोकळ्या रस्त्यावर हळुवार वळण घेताना बाहेरच्या चाकावर भार वाढतो. उजवीकडे वळताना घरघर वाढली आणि डावीकडे वळताना कमी झाली, तर डाव्या बाजूचे व्हील बेअरिंग पाहावे. वळणाचा परिणाम होत नसेल आणि रस्त्याचा पृष्ठभाग बदलताच आवाज बदलत असेल, तर तो बहुधा टायरचा असतो.

तपासणीत एक चूक सर्रास होते. गाडी लिफ्टवर उचलली की चाके लोंबतात, बुश आणि लिंक एका बाजूला ताणून बसतात आणि त्यांच्यातला प्ले लपतो. म्हणून लिंक आणि टाय रॉड एंड गाडी चाकांवर उभी असताना, शक्यतो गॅरेजमधील तपासणीच्या खड्ड्यावर किंवा रॅम्पवर तपासावेत. एकाने स्टीअरिंग थोडेसे डावी-उजवीकडे हलवावे आणि दुसऱ्याने प्रत्येक सांध्यावर बोटे ठेवावीत. सैल सांध्यातला ठोका बोटांना स्पष्ट जाणवतो. त्यानंतर चाक उचलून ते घड्याळातील नऊ आणि तीनच्या जागी धरून हलवावे, म्हणजे टाय रॉडचा प्ले कळतो. बारा आणि सहाच्या जागी हलवल्यास बेअरिंग किंवा बॉल जॉइंटचा कळतो. केवळ जॅकच्या भरवशावर गाडीखाली कोणीही जाऊ नये, खाली मजबूत स्टँड लावलेलेच असावेत. बोनेटचा कोपरा दाबून सोडण्याची जुनी चाचणी पूर्ण मेलेला शॉकअप दाखवते, अर्धवट थकलेला दाखवत नाही. त्याच्या अंगावर ओघळलेले तेल हा अधिक भरवशाचा पुरावा आहे.

या सगळ्याआधी टायर रोटेशन करू नये. कोणता टायर कोणत्या चाकावर होता, ते खडूने लिहून फोटो काढून ठेवावेत. टायर अदलाबदल झाले की झिजेची खूण तिच्या जागेपासून तुटते आणि निदान अवघड होते.

दुरुस्तीचा क्रम ठरलेला आहे: आधी झिजलेले भाग, मग हवा आणि बॅलन्सिंग, शेवटी अलाइनमेंट. शॉकअप एका ॲक्सलवरचे, म्हणजे पुढच्या किंवा मागच्या जोडीचे, दोन्ही एकत्र बदलावेत. लोअर आर्मचे बुश नवे घातल्यावर त्यांचे बोल्ट गाडी चाकांवर उभी करून, तिच्या नेहमीच्या उंचीला असतानाच अंतिम आवळावेत. चाके लोंबत असताना ते आवळले तर गाडी खाली येताच रबराला कायमचा पीळ बसतो आणि महागाचा नवा बुश काही महिन्यांत फाटतो. मेकॅनिकला हे आधीच सांगावे. चांगला मेकॅनिक त्याचा राग मानत नाही.

दोष दूर झाल्यावरही जुन्या टायरची घरघर लगेच थांबत नाही, कारण खळगे आणि धारा टायरवर कोरल्या गेलेल्या असतात. तेवढ्यावरून दुरुस्ती फसली असे समजू नये. नक्षीची खोली मोजण्याचा छोटा गेज मिळतो. प्रत्येक टायरवर आतली कड, मध्य आणि बाहेरची कड अशा तीन जागी मोजून आकडे तारखेसह लिहून ठेवावेत. एखाद्या जागी खोली १.६ मिलिमीटरवर, म्हणजे खोबणीतल्या झीजदर्शक उंचवट्याच्या पातळीला आली असेल, तर तो टायर बदलावाच लागेल. उरलेल्या टायरांवर २,००० किलोमीटरनंतर त्याच जागी पुन्हा मोजावे. तिन्ही आकडे सारखे उतरले असतील तर काम नीट झाले आहे; एकच कड पुन्हा पुढे गेली असेल तर अलाइनमेंटच्या दुकानात न जाता पुन्हा बुशांपाशी जावे.