आणीबाणीतले वाढीव पेट्रोल-दर: न्यू जर्सीत तक्रार कशी करावी आणि ती कुठे अडते

न्यू जर्सीत आणीबाणीच्या काळात पेट्रोल पंपावर अवाच्या सवा दर लावला गेला, तर राज्याच्या ग्राहक व्यवहार विभागाकडे तक्रार करता येते, हे एडिसन-आयझलिन भागातल्या बहुतेक मराठी घरांना ऐकून ठाऊक आहे. तरीही कित्येक तक्रारी पुढे सरकत नाहीत आणि त्याचे कारण बहुधा एकच असते. अर्जदाराने पेट्रोल महाग होते एवढेच दाखवलेले असते. ते बेकायदा महाग होते, हे दाखवायचे राहून जाते. शेजारपाजारच्या मंडळींना हे अर्ज भरून देताना घोडे पुन्हा पुन्हा जिथे अडलेले पाहिले, त्या जागांविषयीच येथे मुख्यतः लिहिले आहे.

सबंध अमेरिकेला लागू होईल असा इंधन-नफेखोरीविरोधी कायदा अस्तित्वात नाही. १९ मे २०२२ रोजी प्रतिनिधिगृहाने २१७ विरुद्ध २०७ मतांनी तसे एक विधेयक मंजूर केले होते; राष्ट्राध्यक्षांनी ऊर्जा आणीबाणी जाहीर केल्यानंतर अवाजवी दराने इंधन विकणे त्यामुळे बेकायदा ठरले असते आणि कारवाईचा अधिकार फेडरल ट्रेड कमिशन या केंद्रीय ग्राहक-संरक्षण संस्थेला मिळाला असता. सिनेटमध्ये ते मार्गी लागले नाही. त्यामुळे आपला आधार म्हणजे राज्याचा कायदा. आणीबाणी सुरू होण्याच्या लगेच आधी त्याच विक्रेत्याचा जो नेहमीचा दर होता, त्याच्यापेक्षा १० टक्क्यांहून अधिक दर लावणे न्यू जर्सीत बेकायदा आहे. या एका वाक्यातल्या जवळजवळ प्रत्येक शब्दावर कोणाची ना कोणाची तक्रार अडलेली आहे.

पहिला शब्द ‘आणीबाणी’. ती राष्ट्राध्यक्षांनी, गव्हर्नरांनी किंवा नगरपालिकेच्या आपत्ती व्यवस्थापन समन्वयकाने रीतसर जाहीर केलेली असावी लागते. हवामान खात्याने दिलेला वादळाचा इशारा म्हणजे आणीबाणी नव्हे, आणि दूरचित्रवाणीवर दिवसभर ‘इमर्जन्सी’ हा शब्द ऐकू येत होता म्हणूनही ती जाहीर झाली असे होत नाही. जून २०२२ मध्ये देशातला पेट्रोलचा सरासरी दर गॅलनमागे पाच डॉलरच्या वर गेला तेव्हा लोकांचा संताप रास्त होता, पण जागतिक बाजारामुळे भाव चढणे हा या कायद्याचा विषयच नाही. म्हणून अर्जात कोणत्या आदेशाने, कोणत्या तारखेला आणीबाणी लागू झाली, ते आधी शोधून लिहावे.

आदेश एकाहून अधिक असू शकतात, हेही ध्यानात ठेवावे. सँडी वादळाच्या वेळी गव्हर्नर ख्रिस क्रिस्टी यांनी २७ ऑक्टोबर २०१२ रोजी आणीबाणी जाहीर केली आणि २९ तारखेला वादळ किनाऱ्याला धडकले. त्यानंतर २ नोव्हेंबरला मोटार-इंधनापुरती मर्यादित ऊर्जा आणीबाणी वेगळी जाहीर झाली, आणि ३ तारखेच्या दुपारपासून मिडलसेक्स व हडसनसह बारा काउंट्यांमध्ये गाडीच्या नंबरावरून सम-विषम पद्धतीने पेट्रोल मिळू लागले. ही पद्धत १३ नोव्हेंबरला उठली. पण त्याने मूळ आणीबाणी उठली असे होत नव्हते. मूळ आदेशाची आणि सम-विषम आदेशाची तारीख यांत गल्लत झाली की ‘लगेच आधीचा दर’ कोणत्या दिवसाचा धरायचा, इथूनच घोटाळा सुरू होतो.

सर्वांत जास्त चुकीचा वाचला जाणारा आकडा म्हणजे ३० दिवस. आणीबाणी संपल्यानंतरही ३० दिवस विक्रेत्यावर हे बंधन राहते, एवढाच त्याचा अर्थ आहे. ती तक्रार करण्याची मुदत नाही. ‘आता महिना उलटला, काय उपयोग’ म्हणून हातात चांगला पुरावा असलेली माणसे गप्प बसलेली मी पाहिली आहेत, आणि मुदतीविषयी एक वाक्य अधिक छापायला सरकारी पानांवर जागा का सापडत नाही, हे मला अजून उमगलेले नाही. तक्रार उशिरा करू नये हे खरे, कारण पुरावा विरतो; पण महिना उलटला म्हणून ती बाद होत नाही.

आता कागदपत्रांकडे. आणीबाणीतल्या खरेदीची पावती लोकांकडे निदान अधूनमधून असते. न्यू जर्सीत १९४९ पासून ग्राहकाने स्वतः पेट्रोल भरण्यास मनाई आहे. नळी कर्मचाऱ्याच्या हातात, कार्डही त्याच्याच हातात, त्यामुळे पावती तोंडाने मागावी लागते आणि मागे लागलेली रांग पाहून आपण ती मागत नाही. मिळालेली पावतीही नीट जपावी लागते. एका काकांनी वादळातल्या चार पावत्या प्रामाणिकपणे सांभाळल्या होत्या, पण गाडीच्या काचेखाली, उन्हात. त्यांनी त्या आमच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर मांडल्या तेव्हा तीन पावत्यांवर एक अक्षर उरले नव्हते. चौथीवर दर होता, पंपाचा पत्ता नव्हता. पावती मिळताच तिचा फोटो काढावा आणि त्याच वेळी दरफलकाचाही काढावा.

पण जो कागद जवळजवळ कोणाकडेच नसतो, तो म्हणजे त्याच पंपाच्या आधीच्या दराचा पुरावा. शेजारच्या पंपाचा दर चालत नाही आणि शहराची सरासरीही चालत नाही. तुलना त्या विक्रेत्याची त्याच्याशीच असते. बँकेच्या विवरणात एकूण रक्कम दिसते, गॅलन दिसत नाहीत, त्यामुळे त्यावरून दर काढता येत नाही. शिवाय कार्ड लावताच बँक कधीकधी शंभर किंवा त्याहून अधिक डॉलर तात्पुरते रोखून धरते. तो आकडा लूट म्हणून अर्जात लिहिला की बाकीच्या खऱ्या मजकुराचेही वजन जाते. जुनी पावती, नातलगाची किंवा सहकाऱ्याची पावती, दर दाखवणाऱ्या ॲपवरचा तारखेसह स्क्रीनशॉट, यांपैकी जे मिळेल ते जोडावे. वादळाची बातमी येते तेव्हा आपण दूध आणि पाव आणायला धावतोच. जाता जाता नेहमीच्या पंपाच्या फलकाचा एक फोटो काढायला सेकंदभर लागतो.

रोख आणि कार्ड यांचे दर वेगळे असतात, आणि इथे हिशेब हमखास चुकतो. समजा, आधीचा रोखीचा दर ३.४९ डॉलर आणि कार्डाचा ३.५९ होता. दहा टक्क्यांची मर्यादा रोखीसाठी सुमारे ३.८४ आणि कार्डासाठी सुमारे ३.९५ येते. वादळात कार्डाने ३.८९ दिले आणि आधीच्या रोखीच्या दराशी तुलना केली, तर उल्लंघन झाल्यासारखे दिसते. प्रत्यक्षात झालेले नसते.

दुसरा खडा पुरवठादाराचा. मालच महाग आला असेल, तर विक्रेत्याला १० टक्क्यांच्या पलीकडे जाता येते. मात्र त्याने स्वतःच्या नफ्याची रक्कम १० टक्क्यांहून अधिक वाढवता कामा नये. गॅलनमागे ३.२० ला घेऊन ३.४९ ला विकणाऱ्याचा नफा २९ सेंट आहे. त्याला माल ४ डॉलरने पडला, तर सुमारे ४.३२ पर्यंतचा दर कायदेशीर ठरतो, म्हणजे मूळ दरापेक्षा जवळजवळ २४ टक्के अधिक. ग्राहकाला खरेदीचा भाव कळण्याचा काही मार्ग नसतो आणि कळावा अशी अपेक्षाही नाही. खरेदीची बिले मागवून तपासणे हे विभागाचे काम आहे. तेव्हा ‘मालकाला किती पडले ते मला ठाऊक नाही’ म्हणून अर्ज अडवून ठेवू नये. दर एकाच दिवसात दोनदा वाढवलेला दिसला, तर तेही वेळांसह लिहावे, कारण पंपावर लावलेला दर किमान २४ तास बदलता येत नाही, असा राज्याचा स्वतंत्र नियम आहे आणि त्याचा आणीबाणीशी संबंध नाही.

पात्रतेविषयी फार सांगण्यासारखे नाही. कायद्यात नागरिकत्वाची अट नाही. एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर असलेल्यांनी आणि भेटीला आलेल्या आईवडिलांनीही संकोच करू नये. अर्ज विभागाच्या संकेतस्थळावर भरता येतो, फोटो आणि पावत्या तिथेच जोडता येतात. पंपाचे नाव, पूर्ण पत्ता, तारीख, वेळ, इंधनाचा प्रकार आणि दर लिहावेत. आपण बोलताना पेट्रोललाही ‘गॅस’ म्हणतो आणि घरामागच्या शेगडीच्या टाकीलाही. अर्जात गॅसोलीन, डिझेल की प्रोपेन हे स्पष्ट करावे. रागाचे परिच्छेद लिहू नयेत, ते कोणी वाचत नाही.

अर्जानंतर लगेच पैसे परत येत नाहीत. बारा गॅलनवर चाळीस सेंट जादा घेतले, तर आपले नुकसान ४ डॉलर ८० सेंट. स्वतः दावा लावून तिप्पट भरपाई मागण्याची सोय कायद्यात आहे. तीही इथे १४ डॉलर ४० सेंट होईल, आणि तेवढ्यासाठी कोणी न्यायालयात जात नाही. मात्र राज्याने कारवाई केली तर पहिल्या उल्लंघनाला १०,००० डॉलरपर्यंत आणि पुढच्या प्रत्येकाला २०,००० डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो, आणि प्रत्येक विक्री वेगळी मोजली जाते. सँडीनंतर त्याच नोव्हेंबरात राज्याने पेट्रोल पंपांवर खटले भरले होते. विभागाला एकाच पंपाविषयी दहा सुसंगत तक्रारी मिळाल्या, तर त्यांचे वजन एका संतप्त पत्राहून कितीतरी अधिक असते. सोसायटीतल्या लोकांनी एकाच अर्जावर सह्या करण्यापेक्षा ज्याने त्याने आपापली पावती जोडून वेगळा अर्ज करावा.

पेट्रोल जिथे भरले, त्या राज्याचा कायदा लागतो, आपण राहतो तिथला नव्हे. डेलावेअर नदी ओलांडून पेनसिल्व्हेनियात भरले असेल, तर तिथली मर्यादा आणीबाणीपूर्वीच्या सात दिवसांच्या सरासरी दरावर २० टक्के आहे. स्टॅटन आयलंडवर भरले असेल, तर तक्रार न्यूयॉर्कच्या ॲटर्नी जनरलकडे जाते. असे अर्ज नुअर्कला, म्हणजे न्यू जर्सीच्याच विभागाकडे, पाठवणारे दरवेळी दोघे-तिघे तरी असतातच.