पाच त्रेपन्न आलं कुठून?

पायथन या प्रोग्रामिंग भाषेत भारतीय वेळेशी झटापट केलेल्या बऱ्याच जणांनी हा आकडा पाहिलेला असतो. पायटीझेड या वेळांच्या तयार लायब्ररीतून ‘एशिया/कोलकाता’ हा भारताचा कालविभाग घ्यायचा, तो थेट तारखेला जोडायचा आणि छापून बघायचं. जागतिक वेळेच्या पुढे साडेपाच तास दिसायला हवेत, तिथे ५ तास ५३ मिनिटं दिसतात. जोडण्याची पद्धत चुकली, त्यासाठीचं ‘लोकलाइझ’ हे फंक्शन वापरा, हे उत्तर शोधल्यावर लगेच सापडतं. बहुतेक जण तिथेच थांबतात. पण ही वरची २३ मिनिटं काही हवेतून आलेली नाहीत. ५:५३ ही कलकत्त्याची जुनी स्थानिक वेळ आहे, सूर्य डोक्यावर आला की बारा मानायचे त्या काळातली. त्या कालविभागाच्या नोंदीतली ती पहिलीच ओळ, आणि लायब्ररीने नेमकी तीच उचललेली असते.

संगणक स्वतः वेळ अगदी साधी ठेवतो: एका ठरलेल्या क्षणापासून किती सेकंद झाले, एवढंच. १९७१ च्या युनिक्स या संगणक प्रणालीत तर सेकंदाचे साठावे भाग मोजत. आकड्यासाठी राखलेल्या ३२ बिटांच्या जागेत ती मोजणी सव्वादोन वर्षांतच भरली असती, म्हणून पुढे पूर्ण सेकंद आले आणि १ जानेवारी १९७० ही सुरुवात कायम झाली.

या सेकंदांवरून भिंतीवरच्या घड्याळात किती वाजले होते हे काढायला नुसतं गणित पुरत नाही. कोणत्या सरकारने कुठे, कधी काटे फिरवले हे माहीत असावं लागतं. ती माहिती आर्थर डेव्हिड ओल्सन यांनी १९८० च्या दशकात एकत्र करायला घेतली. फोनपासून सर्व्हरपर्यंत बहुतेक यंत्रं आज त्याच टीझेड (टाइम झोन) डेटाबेसवर चालतात.

त्यातली आपली नोंद वाचण्यासारखी आहे. नाव कोलकात्याचं, पण १८७० ते १९०५ या काळासाठी लावलेली वेळ मद्रासची, ५ तास २१ मिनिटं १० सेकंद. १९०६ पासून साडेपाच. शहराचं नाव २००१ मध्ये बदललं, यादीतलं त्यानंतर बऱ्याच वर्षांनी; काही ब्राउझर अजूनही ‘एशिया/कलकत्ता’च सांगतात.

मुंबई मात्र यात नाहीच. मुंबईची स्वतःची वेळ होती, जागतिक वेळेच्या ४ तास ५१ मिनिटं पुढे, म्हणजे प्रमाण वेळेच्या ३९ मिनिटं मागे. १९०६ च्या जानेवारीत नवी वेळ लागू झाली तेव्हा गिरणी कामगारांनी काम बंद पाडलं. त्यांची तक्रार रास्तच होती: घड्याळ ३९ मिनिटं पुढे गेलं की पाळी तितकीच आधी, अंधारात सुरू होणार. शहरात मुंबई वेळ पुढे १९५५ पर्यंत टिकून होती. एवढा मोठा इतिहास गाळला कसा? कारण डेटाबेसचा नियमच तसा आहे. १९७० नंतर ज्या भागांतली घड्याळं एकसारखी चालली त्यांना सहसा एकच नोंद. युनिक्सची मोजणी जिथे सुरू होते तीच ही रेघ. सर्व्हरच्या नोंदी ठेवणाऱ्याला एवढ्याने काही फरक पडत नाही.

पत्रिका मांडणाऱ्याला पडतो. जुन्या वेळांची सर्वात बारीक चौकशी प्रोग्रामरांच्या आधी ज्योतिषांनी केली होती, आणि त्यावरून खटलाही झाला. सप्टेंबर २०११ मध्ये अ‍ॅस्ट्रोलेब या अमेरिकी ज्योतिष-सॉफ्टवेअर कंपनीने ओल्सन आणि डेटाबेसचं काम पाहणारे पॉल एगर्ट यांना कोर्टात खेचलं; जुन्या वेळांची माहिती आपल्या मालकीच्या अ‍ॅटलासमधून, म्हणजे गावोगावच्या वेळांच्या संग्रहातून घेतली, असा दावा होता. डेटाबेसचा सर्व्हर बंद पडला. ऑक्टोबरमध्ये आयकॅन या इंटरनेटची नावं-पत्ते सांभाळणाऱ्या संस्थेने जबाबदारी उचलली आणि फेब्रुवारी २०१२ मध्ये कंपनीने दिलगिरी व्यक्त करून खटला मागे घेतला. काटे कधी फिरवले ही घडलेली गोष्ट. तिच्यावर मालकी कुणाची असणार?

पुण्यात १९४३ साली सकाळी सातला जन्मलेल्या माणसाची वेळ हा डेटाबेस नीट बदलून देतो. १ सप्टेंबर १९४२ ते १५ ऑक्टोबर १९४५ या युद्धकाळात देशभर घड्याळं तासभर पुढे होती, ते त्यात आहे. प्रमाण वेळेने सातचे सहा होतात. मुंबईत १९३० साली जन्मलेल्याचं काम मात्र हातानेच करावं लागतं. त्यातही दाखल्यावरची वेळ मुंबईची की प्रमाण, हे आधी घरच्या कुणाला तरी विचारावं लागतं.