पेरुजाचा अळणी पाव आणि पोपचा टॅक्स

इटलीतल्या पेरुजा शहराच्या चढउतारावर खात खात फिरलात की कुणीतरी सांगतंच, इथला पाव अळणी कारण १५४० साली पोप पॉल तिसऱ्याने मिठावर कर लादला आणि लोकांनी चिडून पावात मीठ घालणंच सोडलं. कर खरा, त्याविरुद्ध शहराने केलेलं बंडही खरं, ते मोडल्यावर बाल्योनी घराण्याच्या वाड्यांवर पोपने बांधलेला रोक्का पाओलिना किल्लाही खरा, आजही खालून एस्कलेटरने वर येताना किल्ल्याखाली गाडल्या गेलेल्या गल्ल्यांतून चालत जाता येतं. पण पावाचं कारण काही पटत नाही हो, कारण शेजारच्या टस्कनीत, अगदी फ्लोरेन्सलाही पाव अळणीच, आणि तिथे पोपचं राज्य नव्हतंच! एका शहराच्या बंडाने एवढ्या मोठ्या भागाची सवय कशी ठरेल? आणि त्या पावावर याच भागातल्या नोर्चा गावचं खारवलेलं हॅम ठेवून खाऊन बघा, मिठाची आठवणही येणार नाही.