रिस्टोअर अडला? पहिली एरर शोधा

डेटाबेसच्या बॅकअपची फाइल हाताशी आहे, त्यातून डेटा परत आणायला रिस्टोअर सुरू केलं आहे आणि पडद्यावर एररच्या ओळी धो-धो वाहू लागल्या आहेत. अशा वेळी नजर शेवटच्या ओळीवर खिळते. शोधायची असते ती मात्र पहिली.

कारण रिस्टोअर करणं म्हणजे फाइल कॉपी करणं नव्हे. डम्प, म्हणजे बॅकअपची ही फाइल, बहुतेकदा सूचनांची यादी असते: हे टेबल बनव, त्यात या नोंदी भर, मग टेबलांची एकमेकांशी नाती जोड. डेटाबेस पायापासून पुन्हा रचला जातो. ‘ग्राहक’ हे टेबलच उभं राहिलं नाही, तर त्यावर विसंबलेली प्रत्येक सूचना फसणार. तक्रारी पाचशे, बिघाड एक. पोस्टग्रेस या डेटाबेस प्रणालीचं ‘पीएसक्यूएल’ हे सूचना चालवणारं साधन तर एरर आली तरी पुढे चालतच राहतं. ‘ऑन एरर स्टॉप’ हे सेटिंग लावलं, की ते पहिल्याच ठेचेला थांबतं. ते लावल्याशिवाय रिस्टोअर करूच नये, असं माझं ठाम मत आहे.

पुष्कळदा बॅकअप धडधाकट असतो, नवा सर्व्हर वेगळा असतो. जुना यूजर तिथे नसतो, डिस्कवर जागा नसते किंवा डम्प नव्या आवृत्तीचा आणि सर्व्हर जुना असतो. सगळ्यात फसवा घोळ अक्षरांचा. मायएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेस प्रणालीतली ‘यूटीएफ८’ ही अक्षरं साठवण्याची जुनी पद्धत एका चिन्हाला जास्तीत जास्त ३ बाइट जागा देते. देवनागरी चिन्हं तेवढ्यात मावतात, त्यामुळे मराठी मजकूर सुखरूप उतरतो. पण बहुतेक इमोजींना ४ बाइट लागतात आणि नेमकी तीच नोंद अडते. तिथे ‘यूटीएफ८एमबी४’ हवं.

कधी कधी पहिली एरर रिस्टोअरच्या कितीतरी आधीच येऊन गेलेली असते. ३१ जानेवारी २०१७ रोजी प्रोग्रामचा कोड साठवण्याची सेवा देणाऱ्या गिटलॅब या कंपनीच्या मुख्य डेटाबेसमधला सुमारे ३०० जीबी डेटा चुकून पुसला गेला. रोजचा बॅकअप शोधला, तर तो नव्हताच! डेटाबेस पोस्टग्रेस ९.६ चा आणि बॅकअप घेणारं साधन ९.२ चं, त्यामुळे ते दर वेळी एरर देऊन थांबत होतं. त्याची खबर देणारे ईमेलही नाकारले जात होते, म्हणून कुणाला पत्ता लागला नाही. अखेर, सुमारे सहा तास आधी एका इंजिनिअरने दुसऱ्याच कामासाठी घेतलेला स्नॅपशॉट, म्हणजे डेटाची त्या क्षणाची प्रत, कामी आला. त्यानंतरच्या नोंदी मात्र परत मिळाल्या नाहीत.