वजन जास्त असलेल्या मुलांचं समुपदेशन: एमआय आणि सीबीटी यांत फरक काय?

"तुम्हीच त्याला जरा समजावून सांगा." लालबागहून पंधरा वर्षांच्या मुलाला घेऊन आलेली आई असो की बोरिवलीची, काउन्सेलरकडे पहिलं वाक्य बहुतेक हेच असतं. समजावणं घरात रोज चालूच असतं; काउन्सेलरचं काम वेगळं आहे. त्यासाठी दोन पद्धती जास्त वापरल्या जातात. दोन्हींत समोरासमोर बसून बोलायचं असतं, म्हणून पालकांना त्या एकच वाटतात.

मोटिव्हेशनल इंटरव्ह्यूइंग, म्हणजे एमआय, मानसशास्त्रज्ञ विल्यम मिलर यांनी १९८३ मध्ये मांडली, दारूच्या व्यसनावर काम करताना. मुलाला स्वतःला बदल हवाय का आणि कशासाठी, एवढंच ती शोधते. काउन्सेलर विचारतो, "शून्य ते दहात हे तुला किती महत्त्वाचं वाटतं?" मुलगा पुटपुटतो, "चार." घरी आपण म्हणालो असतो, "फक्त चार?" इथे प्रश्न येतो, "चार का? दोन का नाही?" मग तोच सांगू लागतो: दादरचा पूल चढताना दम लागतो, मित्र पुढे निघून जातात. हीच कारणं आईने सांगितली की तो वाद घालतो. स्वतःच्या तोंडून आली की त्यांवर विचार करतो.

सीबीटी म्हणजे कॉग्निटिव्ह बिहेविअर थेरपी, विचार आणि वागणं यांवर काम करणारी पद्धत. तिची मुळं १९६० च्या दशकातल्या मानसोपचारतज्ज्ञ अ‍ॅरन बेक यांच्या कामात आहेत. तिच्या जवळची अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ पद्धती कि. मो. फडके यांच्यामुळे मराठी वाचकांना परिचित आहे. इथे मुलाला बदल हवा असतो, पण विचार आडवे येतात. समजा, लेझीमच्या सरावात एका मुलीला कोणी "ढोली" म्हणालं. तिने सराव सोडला आणि घरी येऊन फरसाणचं पाकीट संपवलं. वहीत प्रसंग, विचार, भावना, कृती असं उतरवताना विचार सापडतो: "सगळे मलाच हसतात." सगळे म्हणजे कोण? दोघी. बाकीच्या ताल सांभाळण्यात गुंग होत्या. पुढचं पाऊल लहानसं: पुढच्या सरावाला जायचं, हवं तर मागच्या रांगेत. चिडवणं मात्र खपवून घ्यायचं नाही. पथकाच्या ताईंशी मोठ्यांनीच बोलायला हवं.

माझ्या मते, या दोन पद्धतींतल्या गोंधळाचा सगळ्यात जास्त त्रास मुलांनाच होतो. मन तयार नसलेल्या मुलाच्या हाती वही दिली तर ती कोरीच परत येते आणि वर "हा सहकार्य करत नाही" असा शिक्का बसतो. बदलासाठी तळमळणाऱ्या मुलीला मात्र पुन्हा पुन्हा "तुला किती हवंय?" विचारण्यात अर्थ नाही. चांगला काउन्सेलर गरजेप्रमाणे दोन्ही वापरतो. घरच्यांनाही सोबत घेतो, कारण डबा काय असेल आणि क्लासवरून आल्यावर पुढ्यात काय येईल, हे मुलाच्या हातात नसतं.

मूल लपून खूप खात असेल, खाऊन मुद्दाम उलटी करत असेल, उपाशी राहत असेल तर थेट मानसोपचारतज्ज्ञ गाठा. जगावंसं वाटत नाही असं बोलत असेल तर एक दिवसही थांबू नका. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, मराठीतही बोलता येतं.