दिनविशेषातील तारखांचा गुंता : पार्श्वभूमी

एकाच तारखेखाली वेगवेगळ्या शतकांतील घटना नोंदवताना तारीख सारखी असली की दिवसही तोच, असे सर्रास धरले जाते. या समजाला खरा तडा गेला तो १५८२ मध्ये. तोवर युरोपात चालत आलेल्या ज्युलियन गणनेचे वर्ष सौर वर्षापेक्षा सुमारे अकरा मिनिटांनी मोठे असल्याने वसंतसंपात, म्हणजे दिवस-रात्र समान असण्याचा वसंतातील दिवस, २१ मार्चऐवजी ११ मार्चच्या आसपास येऊ लागला होता. तेव्हा रोमच्या धर्मपीठाने ४ ऑक्टोबरच्या गुरुवारनंतर १५ ऑक्टोबरचा शुक्रवार धरण्याचा, म्हणजे नव्या ग्रेगोरियन गणनेचा, आदेश काढला. स्पेन, पोर्तुगाल आणि पोलंडने तो लगेच मानला. ब्रिटनने मात्र १७५२ पर्यंत आणि रशियाने १९१८ पर्यंत जुनीच गणना चालवली.

यातून उद्भवलेला सर्वांत वादग्रस्त प्रश्न असा, की मधल्या काळातील घटना कोणत्या तारखेला लावायची : तेथील लोकांनी तेव्हा लिहिलेल्या, की नव्या गणनेप्रमाणे बदलून घेतलेल्या? २३ एप्रिल १६१६ हे याचे ठळक उदाहरण. इंग्लंडचा सर्वश्रेष्ठ नाटककार शेक्सपिअर आणि स्पेनचा अग्रगण्य कादंबरीकार सर्व्हान्टिस एकाच दिवशी निवर्तले, असे सांगितले जाते आणि १९९५ मध्ये जागतिक पुस्तक दिनासाठी हीच तारीख निवडताना या योगायोगाचाही आधार घेतला गेला. वस्तुतः इंग्लंडमधील २३ एप्रिल म्हणजे स्पेनमधील ३ मे. शिवाय स्पॅनिश लेखकाचा मृत्यू २२ तारखेला होऊन २३ तारखेला दफन झाले, असे बहुतेक अभ्यासक मानतात. हा योगायोग कागदावरचाच आहे, तरीही तो दरवर्षी छापला जातो, याचे नवल वाटते.

तारखा बदलून घ्याव्यात, तर दुसरी अडचण उभी राहते. गतीचे नियम मांडणारा इंग्रज शास्त्रज्ञ न्यूटन त्याच्या देशातील गणनेप्रमाणे २५ डिसेंबर १६४२ रोजी जन्मला, नव्या गणनेप्रमाणे ४ जानेवारी १६४३ रोजी. म्हणजे येथे वर्षही बदलते. रशियातील ‘ऑक्टोबर क्रांती’चा वर्धापनदिन ७ नोव्हेंबरला येतो, तोही याच कारणाने. मूळ दस्तऐवजातील तारीख कायम ठेवून तिच्याशेजारी गणनेचे नाव लिहिणे हाच त्यातल्या त्यात प्रामाणिक मार्ग आहे. जागा वाचवण्याच्या नादात संकलक नेमका तोच टाळतात.

विसाव्या शतकात गणना बहुतांशी एक झाली, पण तारखांतील फरक गेला नाही, कारण घटनास्थळाच्या स्थानिक वेळेवर तारीख ठरू लागली. पर्ल हार्बरवरील हल्ला हवाईत ७ डिसेंबर १९४१ च्या सकाळी झाला, तेव्हा जपानमध्ये ८ डिसेंबरची पहाट होती. जर्मनीची शरणागती ८ मे १९४५ च्या रात्री उशिरा अमलात आली. मॉस्कोत तोवर मध्यरात्र उलटून गेली होती, त्यामुळे पश्चिम युरोप विजयदिन ८ मे रोजी पाळतो आणि रशिया ९ मे रोजी.