गोवरची लस : बाळाला सर्दी आहे म्हणून तारीख पुढे ढकलू नका

लसीच्या दिवशी सकाळी आमच्या दवाखान्यात हमखास फोन येतो, "डॉक्टर, बाळाचं नाक वाहतंय, आज राहू दे ना." आईवडिलांची काळजी कळते. पण साधी सर्दी, खोकला, हलका ताप, पातळ शी किंवा चालू असलेलं अँटिबायोटिक, यांपैकी कशासाठीही गोवरची लस थांबवावी लागत नाही. मूल तापाने फणफणलेलं असेल, मलूल पडलं असेल तर आम्हीच थांबतो. कॅन्सरचे उपचार किंवा जास्त मात्रेची स्टिरॉइड्स चालू असतील, नुकतंच रक्त चढवलं असेल, आधीच्या डोसनंतर तीव्र ॲलर्जी आली असेल, तर आधीच सांगा. बाकी निर्णय घरी घेऊ नका. बाळाला घेऊन या, तपासून ठरवू.

"दर वेळी तारखेचा एवढा आग्रह का?" असंही विचारतात. ही लस कोरड्या पावडरीच्या रूपात येते. त्यात द्रावण मिसळलं की बाटली थंड आणि उजेडापासून दूर ठेवून ६ तासांत संपवावी लागते, उरलेली फेकून द्यावी लागते. आमच्याकडच्या बाटलीत अनेक डोस असतात, म्हणून मुलांना एकाच दिवशी बोलावतो. ऐनवेळी कोणी आलं नाही की तो डोस वाया जातो, आणि प्रतीक्षा यादीतलं दुसरं मूल उगाच खोळंबतं. यायला जमणार नसेल तर आदल्या दिवशी कळवा, एवढंच मागणं आहे. लसी आम्ही २ ते ८ अंशांत ठेवतो आणि तापमान रोज दोनदा वहीत लिहितो. ती वही कधीही मागून बघा.

आज टळलेली लस बघता बघता महिनोन्‌महिने लांबते, आणि दुसरा डोस तर बहुधा राहूनच जातो. ९ महिन्यांच्या वयात दिलेल्या पहिल्या डोसने साधारण ८५ टक्के मुलांना संरक्षण मिळतं, दोन डोस पूर्ण झाले की सुमारे ९७ टक्के. गोवर हा अंगावर पुरळ येऊन जाणारा किरकोळ आजार नव्हे. त्यातून न्यूमोनिया होतो, मेंदूला सूज येते, आणि इतर आजारांशी लढण्याची शरीराने कमावलेली ताकद पुसली जाते. डोस चुकला असेल तर सगळं पहिल्यापासून करावं लागत नाही. राहिलेला डोस द्यायचा, दोन डोसांमध्ये किमान ४ आठवडे ठेवायचे. कार्ड घेऊन आलात तर पुढच्या तारखा आम्ही लिहून देतो, आठवणीचा फोनही करतो. कार्ड हरवण्याआधी मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

लस दिल्यावर अर्धा तास बसवून घेतो, कारण तीव्र ॲलर्जी क्वचितच येते, पण आली तर बहुधा लगेच येते. पुढे आठवड्याभराने थोडा ताप किंवा पुरळ आलं तर घाबरू नका, ते लसीचंच असतं आणि इतरांना लागत नाही. लसीमुळे ऑटिझम (स्वमग्नता) होतो ही भीती १९९८ च्या ज्या लेखाने पसरवली, तो लॅन्सेट या नियतकालिकाने २०१० मध्ये मागे घेतला.

ताप, लाल डोळे आणि चेहऱ्यापासून खाली उतरणारं पुरळ दिसलं तर थेट येऊ नका, आधी फोन करा. रुग्ण निघून गेल्यावरही विषाणू हवेत २ तासांपर्यंत टिकतो, आणि बाहेर बाकावर लस घेण्याच्या वयाला न पोचलेली तान्ही बाळं असतात. तुम्हाला वेगळ्या वेळी बोलावून वेगळ्या खोलीत तपासू.